नाकारलेला नमुना

माझ्या बहिणीने तिच्या आजाराचे निदान मला एका वाक्यात सांगितले होते. आपण निदान सांगत आहोत हे तिला ठाऊक नव्हते, आणि मला ते ऐकू आले नाही. ती शहरातली बस चालवत असे. मी एका मोठ्या रुग्णालयाच्या जंतुतपासणीच्या लॅबचा प्रमुख होतो आणि अजूनही आहे. तिचे वाक्य असे होते, "सुरुवातीला लाल येतं, मग एकदम स्वच्छ."

त्यावर मी म्हणालो, "सुरुवातीचं टाकूनच द्यायचं असतं, ताई."

या उत्तरातली चूक समजण्यासाठी आमच्या कामाची एक रीत सांगावी लागेल. लघवी तपासायला द्यायची असेल तर पहिली धार सोडून द्यायची आणि मधली बाटलीत धरायची. पहिली धार वाटेतले आणि कातडीवरचे जंतू धुऊन घेऊन येते. ते बाटलीत उतरले तर मूत्राशयात काय चालले आहे ते कळत नाही. ही सूचना मी स्वतः लिहून नमुना देण्याच्या खोलीत लावलेली आहे, चित्रासकट. चित्र इतके सभ्य आहे की लोकांना ते चहाच्या किटलीचे वाटते, असे आमच्या लॅबमधल्या टेक्निशियन बाईंचे मत आहे. त्या माझ्याही आधीपासून तिथे आहेत, त्यामुळे त्यांची मते मला ऐकून घ्यावी लागतात.

सूचना पाळली गेली की नाही हे ओळखण्याचीही रीत आहे. नमुन्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि चपट्या पेशी मोजायच्या. कातडीच्या आणि वाटेच्या अस्तरावरून निघालेल्या या पेशी फरशीच्या तुकड्यांसारख्या दिसतात. एका दृष्टिक्षेत्रात दहाहून जास्त सापडल्या तर नमुना नाकारायचा आणि पुन्हा मागवायचा. हा नियम चांगला आहे. त्याच्यामुळे दरवर्षी शेकडो माणसे नको त्या औषधांपासून वाचतात. हे मी आजही सांगतो. सांगताना पूर्वीसारखा समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही, इतकेच.

बाईचा मूत्रमार्ग सुमारे चार सेंटिमीटर लांबीचा असतो. त्या चार सेंटिमीटरमध्ये जे बिघडते त्याची खबर पहिल्या धारेत येते. रक्त फक्त सुरुवातीला दिसत असेल तर ते मूत्राशयातून नव्हे, मूत्रमार्गातून येत असण्याचा संभव अधिक. हे मला विद्यार्थिदशेपासून पाठ आहे. परीक्षेत कोणी विचारले असते तर मी पेन खाली न ठेवता लिहिले असते. ताईने परीक्षेसारखे विचारले नाही.

ती दुपारची ड्यूटी सुरू होण्याआधी लॅबमध्ये आली होती, गणवेशात. माझ्या खोलीचे दार तिने आपण होऊन लावले आणि खुर्चीच्या कडेवर बसली.

"भाऊ म्हणून नाही सांगत," ती म्हणाली. "लॅबवाला म्हणून सांगते. हसलास तर कानाखाली आवाज काढीन."

मी हसलो नाही. तिने सांगितले ते वर आलेच आहे. जळजळ होते, धार बारीक झाली आहे, आणि कधी कधी सुरुवातीला लाल.

"पाणी किती पितेस?"

"सकाळी एक घोट. ड्यूटी संपली की बादलीभर."

"का?"

"का म्हणजे? तुझ्यासारखं दाराबाहेर संडास घेऊन फिरते का मी? दोन फेऱ्यांच्या मध्ये सात मिनिटं मिळतात, त्यात गाडी वळवायची असते."

माझे निदान तिथेच झाले. बसचालक, बाई, पन्नाशी ओलांडलेली, पाणी कमी, लघवी तासन्‌तास अडवून धरण्याची सवय. या वर्णनाच्या दहा बायका माझ्या लॅबमध्ये रोज येतात आणि त्यांपैकी बहुतेकींना साधा जंतुसंसर्ग असतो. मूत्रमार्गाचा कर्करोग दहा लाख बायकांत वर्षाकाठी एकीला, फार तर दोघींना होतो. मी इतक्या वर्षांत त्याचा एकही रुग्ण पाहिलेला नव्हता. मी दोन संख्या शेजारी ठेवल्या, मोठी कोणती ते पाहिले आणि बहीण तपासून झाली असे समजलो.

आमच्या घरात मी शंकेखोर म्हणून प्रसिद्ध होतो. कोणी अंगठी घातल्याने, उपास केल्याने, झाडाचा पाला चावल्याने बरे वाटले असे म्हटले की मी विचारायचो, न करणाऱ्यांपैकी किती जणांना बरे वाटले? ताई मला लहानपणापासून शहाण्या म्हणे. त्यात कौतुक किती आणि चिडवणे किती हे तीही सांगू शकली नसती. स्वतःच्या निदानाबद्दल असला प्रश्न मी कधी विचारला नव्हता.

पहिला नमुना तिने चित्राबरहुकूम दिला. त्यात थोडे जंतू वाढले, ठामपणे काही म्हणावे इतके नाहीत. तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनी औषध दिले, पाच दिवस बरे वाटले. सहा आठवड्यांनी ती पुन्हा आली आणि कागदात गुंडाळलेली बाटली माझ्या टेबलावर ठेवली.

"घे. पहिल्या धारेची आणलीय."

स्वतःच्या विनोदावर ती इतकी हसली की बाहेर बाईंनी मान वर करून पाहिले.

"ताई, मधली धरायची. भिंतीवर लिहिलंय."

"वाचलंय रे. पण लाल तेवढंच होतं, म्हणून तेच धरलं. बाकीच्यात काय बघणार तू, पाणी?"

मी तिला समजावून सांगितले. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सांगतो तसे, कागदावर आकृती काढून. तिने ऐकून घेतले. आकृतीकडे बघत ती म्हणाली, "म्हणजे चोर दारात सापडला तरी तुम्ही तो सोडून माजघरात शोधणार."

मला ते हुशारीचे वाटले. बरोबर आहे, असे वाटले नाही.

तरी मी तो नमुना लावला. ती एवढ्या लांबून आली होती. सूक्ष्मदर्शकाखाली एका दृष्टिक्षेत्रात चौतीस चपट्या पेशी होत्या. मी तीन ठिकाणी पाहून सरासरी काढली. बाईंनी सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या नळीतून डोकावून पाहिले आणि म्हणाल्या, "सर, रक्तपेशीही बऱ्याच आहेत ह्यात. जंतू मात्र कुठे दिसत नाहीत."

"पहिली धार आहे, बाई. काहीही दिसेल."

"ताईंचा आहे ना? मग वरच्या मजल्यावर पेशीतपासणीला पाठवायचा का, सहज?"

"घरच्या माणसाला सूट नाही," मी म्हणालो, आणि नाकारलेल्या नमुन्यांच्या रजिस्टरमध्ये माझ्या हाताने नोंद केली: चपट्या पेशी ३४, नमुना अयोग्य, पुन्हा घ्यावा.

घरच्या माणसाला सूट न दिल्याचे मला त्या दिवशी समाधान वाटले होते, हे मला नीट आठवते. चौतीस हा आकडा दहापेक्षा मोठा आहे, एवढेच मी त्या पेशींना विचारले. त्यांचे आकार सारखे होते का, केंद्रे मोठी होती का, कडा कशा होत्या, यातले काहीही मी पाहिले नाही. मी पेशी मोजल्या. त्या पाहिल्या असे म्हणता येणार नाही.

तिसरा नमुना तिने निमूटपणे मधल्या धारेचा दिला. तो निर्मळ होता. मी फोन केला.

"काही नाही, ताई. एकदम स्वच्छ."

"मग लाल?"

"जाईल हळूहळू. पाणी पी."

"बरं," ती म्हणाली. ताई एका शब्दात उत्तर देणारी बाई नव्हती. त्यानंतर सात महिने तिने मला याविषयी काही सांगितले नाही आणि मी विचारले नाही. तिला विचारले असते तर तिचे म्हणणे असे पडले असते की शहाण्याने बघितलंय, काही नाही म्हणालाय, मग कुणाला उगाच कशाला सांगायचं. हे मी अंदाजाने म्हणत नाही. पुढे तिने मूत्ररोगाच्या सर्जनना, एकटीच असताना, हेच शब्द सांगितले.

सात महिन्यांनी एका सकाळी तिने भर फेरीत बस कडेला घेतली, प्रवाशांना उतरवून मागच्या गाडीत बसवले, आगाराला फोन केला आणि मग पायऱ्यांवर बसून राहिली. आदल्या रात्रीपासून तिला लघवी झाली नव्हती. आमच्याच रुग्णालयात लघवीसाठी नळी घालण्याचा प्रयत्न झाला. नळी आत जाईना. मूत्ररोगाच्या सर्जन एक तरुण बाई आहेत. त्यांनी बोटाने तपासले आणि त्यांना मूत्रमार्गाच्या सबंध लांबीवर एक कडक गाठ लागली. पोटातून थेट मूत्राशयात नळी घालून त्यांनी वाट काढून दिली आणि गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. तो माझ्या खोलीपासून दोन दारे पलीकडच्या लॅबमध्ये गेला. अहवाल: चपट्या पेशींचा कर्करोग, मूळ मूत्रमार्गात, मूत्राशयाच्या तोंडापर्यंत आणि योनिमार्गाच्या पुढच्या भिंतीपर्यंत पसरलेला.

चपट्या पेशी, हे शब्द वाचल्यावर मी उठून रजिस्टर काढले.

स्लाइड अर्थातच राहिलेली नव्हती. नाकारलेले नमुने आम्ही त्याच दिवशी फेकतो. त्यामुळे त्या चौतीस पेशींत कर्करोगाच्या किती होत्या, किंवा एकही होती का, हे मी सांगू शकत नाही आणि कधी सांगू शकणार नाही. त्या कातडीच्या असू शकतात. बहुतेक नमुन्यांत त्या कातडीच्याच असतात. हा युक्तिवाद शास्त्राच्या दृष्टीने निर्दोष आहे आणि पुढचे अकरा दिवस मी त्याच्या आडोशाला बसलो.

या अकरा दिवसांत काय पणाला लागले होते ते सांगतो. सर्जननी दोन रस्ते सांगितले होते. एक, मोठे ऑपरेशन: मूत्रमार्ग, मूत्राशय, गर्भाशय आणि योनिमार्गाची पुढची भिंत काढायची, आतड्याच्या तुकड्यातून लघवीला पोटावर वाट द्यायची आणि तिथे कायमची पिशवी. दुसरा, रेडिएशन आणि केमो बरोबरीने: अवयव राहण्याची आशा, पण गाठ पुरती न जाण्याचा किंवा परत येण्याचा धोका. यातला कोणता बरा हे छातीठोकपणे सांगणारा अभ्यास नाही. हा आजार इतका विरळा आहे की तुलना करायला पुरेशा बायकाच कुठे एकत्र येत नाहीत. निर्णय घरच्यांनी विचार करून बाराव्या दिवशी सांगायचा होता.

ताईने विचार केला नाही. ती म्हणाली, "तू ठरव. तू म्हणशील तिथे सही करते."

"तुझं शरीर आहे, ताई."

"शरीर माझं, डोकं तुझं. मला ह्यातलं काय कळतंय? कळत असतं तर एवढं होईपर्यंत गप्प बसले असते का?"

तेव्हा आम्ही भाऊजींच्या दुकानात बसलो होतो. भाऊजी कुलपे दुरुस्त करतात, किल्ल्या बनवतात. एका गाडीच्या रुंदीचे दुकान, तीन भिंतींवर कोऱ्या किल्ल्यांच्या रांगा, मध्ये किल्ली घासायचे मशीन. घरी एकटीला बसवत नाही म्हणून ताई दिवसभर तिथल्या स्टुलावर बसे, मांडीला बांधलेली लघवीची पिशवी झग्याखाली झाकून. गिऱ्हाइकांना ती कुलपाची तक्रार सांगू देत नसे. कुलूप बघून स्वतःच सांगे.

भाऊजी मशीन थांबवून म्हणाले, "सगळं आयुष्य लोकांची कुलपं उघडण्यात गेलं माझं. घरातलं एक तोंड उघडता आलं नाही. सात महिने, अरे. सात महिने शेजारी झोपते ही, आणि मला ठाऊक नाही."

"लाज वाटली," ताई म्हणाली.

"नवऱ्याची लाज?"

"जाऊ दे ना आता. चुकलंच माझं. किती वेळा तेच तेच."

"तेच तेच नाही. मोठ्या डॉक्टरांना तेव्हाच दाखवलं असतंस तर आज एवढं कापायची वेळ आली नसती."

भाऊजी वाईट माणूस नाहीत. ते घाबरले होते आणि घाबरलेल्या माणसाला रागवायला कोणीतरी लागते. ताई खाली बघून झग्याची घडी सारखी करत होती. मी तिथे होतो. खिशात हात घालून भिंतीवरच्या किल्ल्या बघत होतो. एक वाक्य पुरले असते: तिने सांगितले होते, मला. ते मी बोललो नाही. त्या दिवशी नाही आणि पुढच्या सात-आठ भेटींतही नाही. प्रत्येक भेटीत भाऊजी तेच म्हणत आणि ताई तेच कबूल करी, आणि होता होता तिचा त्यावर विश्वास बसला.

मी काय करत होतो? मी वाचत होतो. या आजारावर जे काही छापून आले आहे त्यातले हाताला लागेल ते सगळे. बहुतेक अभ्यास वीस-तीस बायकांचे, तेही वीस-तीस वर्षे गोळा केलेल्या. त्यातून मी मत बनवले: ऑपरेशन. कारणे क्रमाने मांडली. गाठ कुठवर पोचली आहे, कडा स्वच्छ निघण्याचा संभव, पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण. माझे मत कदाचित बरोबर होते. मी ते ताईला ज्या आवाजात सांगणार होतो तो आवाज मात्र मला ओळखीचा होता. 'काही नाही, एकदम स्वच्छ' हे मी त्याच आवाजात सांगितले होते.

दहाव्या दिवशी बाईंनी विषय काढला. रजिस्टर माझ्या टेबलावर बरेच दिवस उघडे पडलेले त्यांनी पाहिले होते.

"ताईंना सांगितलंत, सर?"

"काय?"

"ते चौतीस."

"त्याने सिद्ध काय होतं, बाई? कातडीच्याच असतील."

"सिद्ध काही होत नाही." त्यांनी रजिस्टर मिटून कपाटात ठेवले. "पण त्या तुम्हाला विचारून सही करणार आहेत ना? मग त्यांना ठाऊक असू दे, कोणाला विचारतोय ते."

त्या पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसल्या. वरच्या मजल्यावर पाठवायचा का, असे त्यांनी विचारले होते, ही गोष्ट त्यांनी त्या दिवशी काढली नाही. पुढेही कधी काढली नाही. काढली असती तर मला सोपे गेले असते.

अकराव्या दिवशी संध्याकाळी मी दुकानात गेलो. भाऊजी एका गिऱ्हाइकाची किल्ली घासत होते आणि ताई तयार किल्ल्यांना चिठ्ठ्या बांधत होती. मशीनच्या आवाजात बोलता येत नव्हते, आणि मला क्षणभर ते बरे वाटले. मग मशीन थांबले, गिऱ्हाईक गेले.

"ताई, तू दुसऱ्यांदा बाटली आणली होतीस, आठवतं?"

"पहिल्या धारेची. तू परत पाठवलीस."

"ती परत पाठवायला नको होती." मी वाक्ये तयार करून नेली होती, ती त्याच क्रमाने बोललो. रक्त सुरुवातीला दिसते याचा अर्थ काय, तो मला कसा ठाऊक होता, नमुन्यात काय दिसले, मी काय लिहिले, बाईंनी काय सुचवले. त्या पेशी कर्करोगाच्या होत्या असे म्हणता येत नाही हेही सांगितले. आणि शेवटी, त्या वेळी सापडला असता तर बहुधा गाठ लहान असती आणि बहुधा एवढी वेळ आली नसती. 'बहुधा' मी दोनदा म्हणालो.

ताईच्या हातात एक चिठ्ठी अर्धी बांधलेली होती. तिने ती गाठ पूर्ण केली.

"म्हणजे मी सांगितलं होतं."

"हो."

"लाल कुठे आहे ते सांगितलं होतं."

"हो."

"आणि आणूनही दिलं होतं."

"हो."

"मग अकरा दिवस मी ह्यांची बोलणी का खात होते?"

चूक का झाली हे मी सांगू शकत होतो. नियम होता, संख्या होत्या. अकरा दिवसांना नियम नव्हता.

भाऊजी म्हणाले, "अगं, मला काय माहीत—"

"तुम्ही गप्प बसा जरा." ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. मशीनवरचा पितळेचा भुगा भाऊजी ब्रशने गोळा करू लागले. भुगा फारसा नव्हता.

मग ताई मला म्हणाली, "मला वाटायला लागलं होतं की माझ्यात काहीतरी घाण आहे आणि मी ती लपवली. रोज तेच डोक्यात. आणि तू इथे येऊन किल्ल्या बघत होतास."

"हो."

"हो हो करू नकोस."

मग माझ्यातला लॅबवाला बोलला, कारण दुसरा दिवस उजाडणार होता. "उद्याचं मात्र—"

"उद्याचं तू काही सांगायचं नाहीस."

"ताई, हे वेगळं आहे. ह्याबद्दल मी सगळं वाचलंय."

"ते पण वाचलेलंच होतं ना तुझं?"

दुसऱ्या दिवशी सर्जनच्या खोलीत आम्ही तिघे बसलो. ताई मध्ये. सर्जननी दोन्ही रस्ते पुन्हा समजावून सांगितले आणि बोलता बोलता, एकाच इमारतीत काम करणारी माणसे बघतात तसे, त्या माझ्याकडे बघू लागल्या.

"त्याच्याकडे नका बघू," ताई म्हणाली. "मी इकडे आहे."

सर्जननी खुर्ची थोडी वळवली.

"दोन्हीपैकी कशात जास्त जगेन?"

"खरं सांगू? माहीत नाही. आमचा कल ऑपरेशनकडे आहे. पण ठाम पुरावा नाही."

"म्हणजे तुम्हालाच माहीत नाही, की कुणालाच?"

"कुणालाच."

"हे बरं झालं. माहीत नाही असं म्हणणारं कोणीतरी भेटलं." भाऊजींनी तिच्या दंडाला हात लावला, तो तिने तसाच राहू दिला. "गाडी चालवता येईल?"

"ऑपरेशननंतर बराच काळ नाही. नंतरही बसची नोकरी, तासन्‌तास... कठीण आहे. रेडिएशनने, सगळं मनासारखं झालं तर, काही महिन्यांनी हो. पण तो 'तर' मोठा आहे."

"तुमच्या 'तर'पेक्षा मोठे 'तर' मी ऐकलेत. रेडिएशन."

मी तोंड उघडले. कारणे क्रमाने तयार होती, त्यांतली पहिली तर फारच पक्की होती. ताईने मान वळवली नाही. मी तोंड मिटले. सर्जननी कागद पुढे केला आणि ताईने सही केली, तिच्या नेहमीच्या मोठ्या, उजवीकडे कललेल्या अक्षरात.

पुढचे थोडक्यात सांगतो. उपचारांनी गाठ आक्रसली, नळी निघाली, आणि सहा महिन्यांनी आगाराने तिला एका छोट्या मार्गावर घेतले. तिने नऊ महिने बस चालवली. मग जांघेत गाठी आल्या, त्यानंतर फुप्फुसात. निदानापासून बावीस महिन्यांनी ती गेली. ऑपरेशन केले असते तर ती अधिक जगली असती का? मला असे वाटते, पण वाटण्याला मी आयुष्यभर पुरावा मानले नाही आणि आता मानू लागलो तर ती निव्वळ सोय होईल. एका माणसावर प्रयोग एकदाच करता येतो, आणि तुलनेला दुसरा गट नसतो. मी पहिल्याच दिवशी सांगितले असते, तिच्या मनावर अकरा दिवसांचा अपराधभाव साचू दिला नसता, तर तिने माझे म्हणणे निदान ऐकून घेतले असते का, हा प्रश्नही त्याच जातीचा. नऊ महिने मात्र तिने गाडी चालवली. ते मोजता येतात.

लॅबच्या अर्जावर आता एक प्रश्न आहे: रक्त सुरुवातीला दिसते, शेवटी, की सबंध? सुरुवातीला असे उत्तर आले तर पहिली धार वेगळ्या बाटलीत घेतो आणि ती पेशीतपासणीला वर जाते. हजारो नमुने झाले. मूत्रमार्गाचा कर्करोग एकही सापडलेला नाही. संख्या पाहता सापडण्याची अपेक्षाही नव्हती. कामाचा वेळ वाढतो अशी वरून तक्रार आली. मी लेखी उत्तर दिले आहे.

रेडिएशनसाठी तिला पस्तीस दिवस यावे लागले. पहिल्या दिवशी मी खाली दाराशी उभा होतो. ती म्हणाली, "आलास तर चालेल. बोलायचं नाही." भाऊजी दुकान उघडून मग येत, तोपर्यंत बाहेरच्या बाकावर मी बसत असे. ती आत जाई, पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर येई, पाणी पिई, पाच मिनिटे बाकावर टेके. आम्ही समोरच्या भिंतीकडे बघत असू. मी कागद नेत नसे, वाचायलाही काही नेत नसे.

तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात, केमोने तोंड आले होते आणि बोलायला तिला त्रास होत होता, तेव्हा ती बाटलीचे झाकण लावत म्हणाली, "तू काय ठरवलं होतंस? ऑपरेशन?"

"हो."

"वाटलंच."

मी वाट पाहिली. तिने बाटली पिशवीत ठेवली, भाऊजी जिन्यावरून येताना दिसले तसा बाकाच्या कडेला हात टेकून ती उठली. का, हे तिने विचारले नाही. माझ्याकडे उत्तर तयार होते.